जिन्याखालचं आवतान

१

आमच्या अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, घरात धरून ठेवायला मी होम थिएटर घेतलं, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या बायकोकडे, दानेश्वरीकडे. ती नुसती मान हलवते. खरंच आहे ते.

दोन हजार पाचच्या पुरात कुरुंदवाडच्या आमच्या घरात छातीभर पाणी आलं. पाणी उतरल्यावर मी अव्वाला गाडीत घातलं आणि कोल्हापुरात, कळंबा रोडच्या नव्या बंगल्यात आणलं. बंगला मी हौसेने बांधलेला. दारं अशी घट्ट, की आत कुणी ढोल बडवला तरी बाहेर कळू नये. त्या दारांनीच घात केला. कुरुंदवाडला अव्वा चुलीपुढून एकदाच हाक मारायची आणि माडीवरून, दुकानातून, परसातून 'ओ' यायचे. जेवढे ओ, तेवढी पानं. माणसं मोजायला ती कधी उठली नाही, कानांनीच मोजायची. इथे मात्र हाका मारून मारून तिचा घसा बसायचा. शेवटी गुडघे धरत जिना चढून यायची, दार ढकलायची आणि म्हणायची, "मेलासा काय रे समदी?"

एके दिवशी तिने जाहीरच केलं. "दसरा झाला की मी चाललो कुरुंदवाडला. हितं भिताडास्नी हाका मारायला माझं काय डोस्कं फिरलंय व्हय?"

"एकटी ऱ्हाणार हायस तिथं?" मी म्हणालो.

"हितं तरी दुसरं काय करतोय?"

मल्लव्वा, म्हणजे आमची अव्वा, बोलली म्हणजे ते झालंच, हे सगळ्या कुरुंदवाडला माहीत आहे. त्या ओल धरलेल्या भिंतींत ती एकटी राहिली असती तर पुढचा पावसाळा तिने पाहिला नसता. हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी शिवप्रसाद. शाहूपुरीत माझं पंपाच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नव्या तारेचे वेढे घालायचं, दुकान आहे. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला वायर हेच उत्तर असतं, अशी माझी समजूत. तेव्हा ह्या प्रश्नालाही मी वायरच शोधली. हॉलमध्ये एक मोठा रिसिव्हर, त्याच्यावरून प्रत्येक खोलीत स्पीकर, आणि स्वयंपाकघरात अव्वासाठी माईक. तिने ओट्यापाशी उभं राहून हाक मारायची, ती घरभर ऐकू जाईल. आम्ही दारं उघडून ओ द्यायचा. मग कशाला जाते ती कुरुंदवाडला?

२

बंगल्याचं वायरिंग आकारामने केलं होतं. आकाराम कोडोलीचा. तो कोल्हापुरातून घरी फोन करतो तेव्हा फोनची खरं तर गरज नसते, एवढा त्याचा आवाज. बांधकामाच्या वेळीच मी त्याच्याकडून स्पीकरच्या वायरी भिंतीतून ओढून घेतल्या होत्या आणि सगळ्यांची टोकं हॉलमध्ये एका खोक्यात आणून ठेवली होती. कुठली वायर कुठल्या खोलीची, एवढं मात्र लिहून ठेवायचं राहिलं होतं.

त्याला एक सोपी रीत आहे. वायरीच्या दोन टोकांना टॉर्चचा सेल टेकवायचा, की पलीकडचा स्पीकर 'टक्' करतो. ज्या खोलीत टक् वाजेल तिचं नाव चिकटपट्टीवर लिहून वायरीला गुंडाळायचं. मी सेल टेकवत होतो, दानेश्वरी घरभर फिरत होती.

"वाजलं! देवघर!"

"वाजलं! अत्तींची खोली!" अत्ती म्हणजे सासूबाई, आमची अव्वा.

गच्चीतून आमची शिवलीला ओरडली, "पप्पा, वाजलं, पण कावळा उडाला!" ती दहावीत होती आणि अभ्यास सोडून दुसरं काहीही करायला तयार असायची. सगळे मजेत होते. अव्वासुद्धा खुर्ची टाकून बसली होती, "ह्यो काय खुळ्यांचा बाजार" म्हणत, पण उठत नव्हती.

सगळ्या खोल्या झाल्या आणि वायरीची एक जोडी उरली.

"ही कुठली रं?" मी विचारलं.

"मी न्हाय ओढलेली," आकाराम म्हणाला.

"मग काय भिंतीत उगवली?"

"उगवली असंल की. तुमच्या कळंब्याच्या पाण्यावर काय बी उगवतंय."

मी मीटर लावला. माझा मीटर जुना, काट्याचा. काटा सरळ तिथे जाऊन थांबला जिथे स्पीकर असल्यावर थांबतो. म्हणजे टोकाला स्पीकर होता. सेल टेकवला. दानेश्वरी सगळ्या खोल्या फिरून आली. कुठेच काही वाजलं नव्हतं.

मीटर बारीक व्होल्टवर फिरवून तसाच लावून ठेवला आणि मी चहाचा कप उचलला. तेवढ्यात काटा हलला. किंचित हलला, थांबला, पुन्हा हलला. स्पीकरच्या पडद्यावर कुणी बोटाने टिचकी मारली तर तो उलटी वीज देतो, तेव्हा काटा असा हलतो. दुसऱ्या कशाने असा हलताना मी पाहिलेला नाही.

आकारामनेही पाहिलं. मी त्याला ओळखतो तेव्हापासून तो पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "मालक, ही भिंतीत ढकलून वरनं सिमेंट मारूया."

"अरे, लांब वायर म्हणजे एरियलच की. आकाशवाणी पकडत असंल," मी म्हणालो.

खरं म्हणजे मला राग आला होता. माझ्या घरात, माझ्या भिंतीत, मला न कळणारी वायर? असल्या बाबतीत मी भारी हट्टी आहे. रिसिव्हरला एक जागा मोकळी होती. मी सगळ्या वायरी जोडल्या आणि तिलाही जोडून टाकलं.

३

"ऊटाला या रे! पानं मांडल्यात! थंड करू नगासा!"

अव्वाने पहिल्यांदा माईकवर हाक मारली तेव्हा बंगला हादरला. माईकची तिला गरजच नव्हती, आणि आता तर तिच्या हातात माईक होता. शेजारच्या मोकळ्या प्लॉटात गुंडू गवळ्याच्या म्हशी चरत होत्या, त्यांनी एकदम माना वर केल्या. मी माडीवर हसत सुटलो. तिथूनच ओ दिला. दानेश्वरीने मागच्या खोलीतून दिला, शिवलीलाने गच्चीतून, आकारामने हॉलमधून. ऊट म्हणजे जेवण. आमची अव्वा सीमेवरची, जेवणाला ती कायम कानडीतच बोलावते.

खाली आलो. अव्वाने पाच पानं मांडली होती, स्वतःचं सोडून.

"हे कुणाचं गं?"

"ज्यानं ओ दिला त्येचं."

"आम्ही चौघंच हाय की."

"माझं कान काय म्हातारं झाल्यात? पाच ओ आलं. एक बापयाचा हुता. 'आलो, आलो' म्हणाला. त्येच्या आवाजात भूक हुती."

मी आकारामकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं होतं आकारामनेच दोनदा ओ दिला, त्याला वाटलं होतं मी दिला. दानेश्वरीला वाटलं होतं कुणी पाहुणा आला. शिवलीला म्हणाली, "मला तर स्पीकरमधनं आल्यासारखा वाटला." मग एवढं म्हणून तिने भाकरी मोडून घेतली.

आमच्याकडे मांडलेलं पान उचलत नाहीत. जेवणवेळेला जो आला त्याला जेवू घालायचं, मग तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही. लिंगायताच्या घरात हे मूल बोलायच्या आधी शिकतं. अव्वाने ते ताट उचललं, तेसुद्धा फक्त हलवण्यापुरतं, आणि जिन्याखालच्या खोलीत नेऊन ठेवलं. ती खोली म्हणजे खोली नव्हेच. झाडू, गॅसचा जादा सिलिंडर आणि नको असलेली भांडी ठेवायची जागा, तिला एक दार.

"तिथं कशाला?" मी विचारलं.

"आवाज तिकडनं आला," अव्वा म्हणाली आणि आम्हाला वाढायला लागली.

आकाराम मात्र त्या दिवशी कमी जेवला. एरवी तो आमच्याकडे आला की "तुमचं बिनमटणाचं घर" म्हणून नाक मुरडत तीन भाकरी हाणायचा.

४

चहाच्या वेळी दानेश्वरीने दार उघडलं आणि मला हाक मारली. ताट रिकामं होतं.

"मांजर," मी म्हणालो.

"मांजर ताट धुतंय व्हय अवो?"

ताट खरंच धुतलेलं होतं. आमच्यातली जुनी माणसं जेवण झालं की ताटात पाणी ओततात, बोट फिरवून ते पाणी पिऊन टाकतात. अन्नाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही. ह्या ताटावर वाळत आलेल्या पाण्यात बोट फिरवल्याच्या गोल रेषा दिसत होत्या. ताट मग भिंतीला टेकवून नीट उभं करून ठेवलेलं.

अव्वाने ते उन्हाकडे धरून बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. "आपल्यातलाच हाय," ती म्हणाली. "कुणाच्या घरचा हाय कुणास ठाव. पण वळण चांगलं हाय."

मी जिन्याखाली शिरलो. थोडा गिलावा फोडून बघितला तर वायरीचा पाइप सरळ बाहेरच्या भिंतीत गेलेला. बाहेर जाऊन भिंतीच्या पलीकडे उभा राहिलो. तिथे मोकळा प्लॉट, ऊन, आणि म्हशी. भिंतीला कान लावला. भिंत उन्हाने तापलेली होती, आत काही नव्हतं. फक्त एक गोष्ट मला खटकली. म्हशींनी प्लॉटातलं सगळं गवत खाऊन भुईसपाट केलं होतं, पण ह्या भिंतीलगतचा पट्टा तसाच होता, कमरेएवढा उंच, हिरवागार. मी मनाला सांगितलं, इथे पाणी मुरत असेल. मनाने ते ऐकून घेतलं.

५

त्यानंतरचे दिवस आमच्या घरातले सगळ्यांत आनंदाचे होते, हे मी आजही नाकारणार नाही.

अव्वा हाक मारायची आणि ओ मोजायची. काही दिवसांनी त्या बापयाच्या आवाजाबरोबर एका बाईचा यायला लागला, मागे बांगड्या वाजायच्या. मग एखादं पोर खुदकन हसायचं आणि त्याला कुणीतरी गप्प करायचं. अव्वा तेवढी पानं मांडून जिन्याखाली ठेवायची आणि संध्याकाळी तेवढीच लखलखीत ताटं परत आणायची. तिच्या गुडघ्यांचं दुखणं कुठे गेलं देव जाणे. कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, शेंगांच्या होळग्या म्हणजे पोळ्या, एक एक पदार्थ पुरानंतर पहिल्यांदा आमच्या घरात दिसायला लागला. कांदा चिरता चिरता ती माईकवर गप्पा मारायची. आज पाणी उशिरा आलं, तूरडाळ शिजंना, असलं काहीतरी. घरभर तिचा आवाज भरून राहायचा आणि शिवलीला अभ्यासाच्या वहीवर डोकं ठेवून हसायची.

दानेश्वरी सुरुवातीला घाबरली होती. मग एक दिवस तिच्या भाजीचं कुणीतरी कौतुक केलं. स्पीकरमधून नुसतं "वा!" आलं. झालं, ती फितूर झाली. "तुमी अठरा वरसांत एकदा तरी म्हणालासा काय?" असं वर मलाच विचारलं.

मी एकटाच उरलो. दुकानात मोटार भरताना आठ आठ वेढे चुकायचो. एका सकाळी कुणाला न सांगता ती जास्तीची वायर मी रिसिव्हरमधून उपटून काढली, टोकं कापली, वरून टेप गुंडाळली. दुपारी अव्वाने हाक मारली. सगळे ओ आले. एकही कमी नव्हता. मी माडीवर पलंगाच्या कडेला बसलो होतो. मी उगाचच मोठ्याने ओ दिला, म्हणजे आपला तरी आवाज आपल्याला ऐकू यावा.

दसरा आला. अव्वाने सगळ्यांना सोनं दिलं, आपट्याची थोडी पानं जिन्याखालीही ठेवून आली. कुरुंदवाडचं तिने नावही काढलं नाही. रात्री ती देवघरात बसून गुणगुणत होती आणि मी दाराआडून ऐकत होतो. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. मी कुणाशी आणि कशाबद्दल भांडणार?

६

दसऱ्यानंतरच्या रविवारी अव्वाने अजून हाक मारली नव्हती. भात उतरायचा होता. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो आणि सगळ्या स्पीकरमधून एकदम एका बाईचा आवाज आला, गोड, लाजत लाजत बोलल्यासारखा.

"मल्लव्वा, रोज आमीच तुमच्यात खातोय. बरं न्हाय दिसत. उद्या ऊटाला तुमी आमच्याकडं यायचं. न्हाय म्हणायचं न्हाय."

अव्वाने पदर सावरला. मी पळत स्वयंपाकघराच्या दारात पोचलो, तोवर तिने माईक तोंडाशी धरला होता.

"येतो की! त्यात काय!"

"अव्वा! कुणाकडं जाणार हायस? भिंतीपलीकडं म्हशी हाईत!"

"येवढं दिस आपल्यात जेवत्यात. त्येंनी आवतान दिलं आनि आपण न्हाय म्हणायचं? नाक हाय का न्हाय आपल्याला?"

"तुला भ्या कसं वाटत न्हाय गं?"

ती माझ्याकडे वळली. तिच्या हाताला पीठ होतं. "बोलवणाऱ्याचं कसलं भ्या, तम्मा? न बोलवणाऱ्याचं वाटतंय."

मला लहानपणी ती तम्मा म्हणायची. कुरुंदवाड सोडल्यापासून एकदाही म्हणाली नव्हती. त्या एका शब्दापुढे माझा सगळा जोर गेला. मी दानेश्वरीकडे बघितलं, म्हटलं ही तरी अडवेल. ती म्हणाली, "अत्ती, रिकाम्या हातानं जाऊ नगासा. नारळ हाय घरात."

७

आमच्याकडे आवतान दोनदा असतं. एकदा आदल्या दिवशी सांगतात, आणि पानं मांडून झाली की पुन्हा माणूस बोलवायला येतो. त्या दुसऱ्या बोलावण्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. नाहीतर लोक म्हणतात, ह्यांच्या घरात खायला नाही वाटतं.

सोमवारी मी दुकान उघडलं नाही. अव्वा इरकली नेसून, कपाळाला विभूती लावून हॉलमध्ये बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ, खण आणि गुळाचा खडा. लग्नाला निघालेल्या पोरीसारखी ती सारखी केसांवरून हात फिरवत होती. दुपारी बोलावणं आलं. "मल्लव्वा, चला, पानं मांडली." अव्वा उठली, जिन्याखालच्या खोलीत गेली आणि तिने आतून दार ओढून घेतलं.

मी जागचा हललो नाही. मला वाटलं होतं, म्हातारी दोन मिनिटं झाडूंबरोबर उभी राहील आणि ओशाळून बाहेर येईल. मग मी तिची चेष्टा करायची नाही, असंही मी ठरवून ठेवलं होतं. ती येईना तेव्हा जाऊन दार उघडलं.

झाडू होते. सिलिंडर होता. अव्वा नव्हती.

मी भिंत दोन्ही हातांनी बडवली. बाहेर धावलो, प्लॉटात गेलो, ते उंच गवत हातांनी बाजूला करून बघितलं. म्हशी रवंथ करत होत्या. परत आत आलो तेव्हा हॉलच्या मध्यावर दानेश्वरी उभी होती. तिने तोंडावर बोट ठेवलं आणि रिसिव्हरकडे दाखवलं. त्याचा दिवा बंद होता. घरभर, प्रत्येक खोलीत, पंगतीचा आवाज होता.

पळ्या वाजत होत्या. पाणी ओतलं जात होतं. पुष्कळ माणसं होती, आम्ही कधी मोजली होती त्याहून कितीतरी जास्त. आणि त्या गलबल्यात अव्वा, "साकु, साकु! आता पुरे! किती वाढतासा!" आणि मग ती हसली. पोटातून, खोकला येईपर्यंत हसली. पुरानंतर तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगतो, आनंदही झाला होता. दोन्ही एकदमच होतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते कशाचं, ते मलाही ठरवता आलं नाही.

मी माईक उचलला. "अव्वा!"

"ओ!" सगळ्या खोल्यांतून, तोंडात घास असताना. "जेवतोय रे. पानावरनं उठता येतंय व्हय?"

चहाच्या वेळेला जिन्याखालचं दार उघडलं आणि ती बाहेर आली. ओटी तांदळाने भरलेली, अंगाला ताज्या तुपाचा वास. इरकलीचा काठ घोट्यापर्यंत ओला होता, चिखल मात्र कुठेही नव्हता. मी तिला धरलं, हात गरम होता, तिचाच होता. तिच्या खांद्यावरून मला दाराच्या आत दिसलं. तिथे सिलिंडर नव्हता. समोरासमोर दोन पंगती होत्या, लांब, आमच्या भिंतीच्या आणि प्लॉटाच्याही पार पलीकडे गेलेल्या. माणसं पानावर वाकून बसलेली, एकाचंही तोंड दिसत नव्हतं. मी बघतोय हे कळल्यासारखे सगळ्यांचे हात पानावरच थांबले. आणि अगदी अलीकडे, दाराशी, अव्वा उठून आली तो पाट सोडून आणखी तीन पाट मोकळे होते.

दार आपलं आपण मिटलं.

८

"फुडच्या ऐतवारी समद्यास्नी बोलावलंय," अव्वा चहा पिता पिता म्हणाली. "मी शबुद दिलाय."

"आणि दिवाळीनंतर जाणार हायस का कुरुंदवाडला?" मी मुद्दाम विचारलं.

"कशाला? येवढी माणसं सोडून?"

दानेश्वरी कुठली साडी नेसायची ते विचारत होती. शिवलीलाला तिथे आपल्या वयाची पोरं आहेत का, हे हवं होतं. मी एकटाच त्या मोकळ्या पाटांचा विचार करत होतो.

मला एक युक्ती सुचली आणि ती इतकी सोपी होती की मी स्वतःवरच खूश झालो. दिलेला शब्द अव्वा मोडणार नाही, पण दुसरं बोलावणं आल्याशिवाय ती उठणारही नाही. वायर कापून बोलावणं थांबत नसेल, तर ज्या तोंडांतून ते येतं ती तोंडंच काढायची. शनिवारी मी घरातला एकूण एक स्पीकर उतरवला. आकाराम आला, पण फाटकाच्या आत यायला तयार झाला नाही. "तुमी आणून द्या, मी हितं टेंपोत ठेवतो," म्हणाला. रिसिव्हर, माईक, गच्चीतला शेवटचा स्पीकर, सगळं शाहूपुरीच्या दुकानात गेलं. भिंतींवर नुसती भोकं राहिली. अव्वा बघत होती.

रविवारी सगळ्या नटून हॉलमध्ये बसल्या. सकाळपासून घरात कुणी काही खाल्लं नव्हतं, जेवायला जायचं म्हणून. मीही धुतलेला सदरा घातला होता, माझं काय जातंय. बारा वाजून गेले. घरात कधी नव्हती एवढी शांतता होती. अव्वा पिशवीचे बंद गुंडाळत होती, सोडत होती.

"इसरली असतील का रे?" तिने विचारलं. तिचा आवाज एवढासा झाला होता.

मी जिंकलो होतो, आणि मला माझीच लाज वाटत होती. एखाद्या लहान पोराच्या हातातला लाडू काढून घेतल्यासारखं वाटत होतं. उद्या ही पुन्हा कुरुंदवाडचं नाव काढणार, हेही मला तिच्या तोंडावर दिसलं. मी म्हणणारच होतो, "चल अव्वा, आपणच काहीतरी करून खाऊ."

तेवढ्यात दार वाजलं. रस्त्याकडचं दार नव्हे, जिन्याखालचं. घाई नसलेल्या माणसाने वाजवावं तसं, आतल्या बाजूने.

"पावणं," आतून आवाज आला. आता तो कुठल्या स्पीकरमधून येत नव्हता. तो घरात होता, आमच्याएवढाच जवळ. "चला की. समदी तुमच्यासाठनं थांबल्यात."

अव्वाच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. "बघ!" ती मला म्हणाली. "माणूस धाडला बोलवायला! घरापातूर आला! याला म्हंत्यात माणुसकी."

ती उठली. दानेश्वरी उठली, शिवलीलाने केस सारखे केले. अव्वा जाणार, हे आता कुणी बदलू शकत नव्हतं. तिला पुरातून उचलून आणलं ते एकटं सोडायला नव्हे, एवढं एकच माझ्या मनात स्पष्ट होतं. मी पुढे झालो, तिचा हात धरला. दाराच्या फटीतून तुपाचा, गरम होळगीचा वास येत होता, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं.

कडी मीच काढली.